मूठ उघडायची कोणी?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मुलगी 36 वर्षांची, नोकरी हिंजवडीत, राहायला धायरीला. वडील 64 वर्षांचे, शनिवार पेठेत त्यांचं पुस्तकबांधणीचं छोटं दुकान होतं. दहा महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता ते घरात काठीशिवाय चालतात. बोलताना शब्द अडखळतात. उजवा हात खांद्यातून उचलतो, पण बोटं मुठीत वळलेली ती वळलेलीच. एका खासगी केंद्रानं बोटांच्या रोबोटिक यंत्रावर साठ सत्रांचं पॅकेज सांगितलंय, 1 लाख 80 हजार, सगळे आगाऊ भरले तर सूट. ऑनलाइन एक हवेवर चालणारा 'रोबोटिक ग्लोव्ह' 22 हजारांना मिळतोय. नाशिकचा भाऊ म्हणतो, पॅकेज घे, अर्धे मी देतो. आई म्हणते, मी रोज नारायण तेलानं चोळतेय, तेवढं पुरे. वडील म्हणतात, "बस झालं." पहिले सहा महिने महत्त्वाचे असतात असं फिजिओनं सांगितलं होतं, ते तर गेले. "मी उशीर केला का? आता यंत्र घेतलं नाही तर जन्मभर टोचत राहील. काय करू?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. भाऊ काय म्हणतो, केंद्रवाले काय म्हणाले, ग्लोव्हच्या जाहिरातीत काय लिहिलंय, सगळं त्यात सविस्तर आहे. बाबांच्या हाताबद्दल मात्र एकच वाक्य आहे: बोटं उघडत नाहीत. आधी त्या वाक्यापाशीच थांबू. पैशांचं शेवटी बघू, तो भाग त्यामानानं सोपा आहे.

"बोटं उघडत नाहीत" असं सांगून माझ्याकडे थेरपीला जे हात येतात, ते सगळे सारखे नसतात. कुणाचा हात सैल, लोंबता असतो, उघडत नाही तसा मिटतही नाही. कुणाची मूठ घट्ट असते, पण हळूहळू सोडवली की सुटते आणि सोडून दिली की पुन्हा वळते. कुणाचे सांधेच धरलेले असतात, कितीही सबुरीनं घेतलं तरी बोट एका जागी येऊन अडतं. आणि कुणाचा हात सुजलेला, चकाकणारा, नुसता स्पर्श झाला तरी कळ जाणारा असतो. चौघांचे उपाय वेगळे. शेवटच्या दोन हातांना नीट तपासल्याशिवाय यंत्रात घातलं तर फायदा राहिला बाजूला, इजा व्हायची. तुमच्या पत्रावरून बाबांचा हात दुसऱ्या तऱ्हेचा वाटतो. पण हा माझा अंदाज आहे आणि अंदाजावर कुणी 1 लाख 80 हजार भरू नयेत.

तर आज संध्याकाळी, बाबांचा चहा झाला की त्यांना टेबलापाशी बसवा. टॉवेलची घडी करून टेबलावर ठेवा, त्यावर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, तळवा खाली, आणि पंजा टेबलाच्या कडेबाहेर. बोटांना हात लावू नका. मनगट फक्त खाली झुकू द्या, आपल्याच वजनानं. दहा-पंधरा सेकंद थांबा. मूठ आपसूक सैलावते, बोटं थोडी सुटतात. घरच्यांना दरवेळी याचं नवल वाटतं. बोटं वळवणारे मुख्य स्नायू पंजात नसतातच, ते कोपराखाली असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांपर्यंत जातात. मनगट तळव्याच्या बाजूला झुकलं की मूठ आवळणाऱ्या दोऱ्या सैल पडतात. कठपुतळीसारखंच आहे हे. म्हणून आधी मनगट झुकवायचं, मग बोटं उघडायची, आणि उघडलेली बोटं तशीच धरून मनगट सावकाश वर आणायचं. आई तेल लावताना एकेक बोट ताकदीनं उपसून काढत असतील तर ते आजपासून बंद. पक्षाघातानंतरच्या या ताठरपणाचा स्वभावच असा की झटक्यानं ताणलं की स्नायू उलट आवळतो आणि सावकाश ताणलं की ऐकतो. तेल राहू द्या. त्वचा चांगली राहते आणि नवऱ्याचा हात रोज अर्धा तास हातात असतो, हेही काही कमी नाही.

आता बाबांना म्हणा, "उघडा." आणि बोटांकडे न बघता पंजाच्या पाठीकडे, मनगटाच्या वरच्या अंगाला बघा. तिथे शीर ताणल्यासारखं काही हलतं का? अगदी चिमूटभर, एकदाच? दहा वेळा सांगितल्यावर दोनदा? मोबाइलवर व्हिडिओ घ्या. ही चिमूटभर हालचाल आहे की नाही, यावर पुढचं बहुतेक सगळं अवलंबून आहे.

"पाय आला, मग हात का येत नाही?" असं आईंनी विचारल्याचं तुम्ही लिहिलंय. बरोबर शंका आहे. मेंदूच्या ज्या मोठ्या रक्तवाहिनीत बहुतेकदा अडथळा येतो, तिच्या हद्दीत हाताचा आणि चेहऱ्याचा भाग येतो. पायाच्या भागाला मुख्यतः दुसरी वाहिनी रक्त पुरवते. शिवाय चालताना चांगला पाय रोगट पायाला ओढून नेतो. बोटांना असा सोबती नाही. एकेक बोट वेगळं हलवायला मेंदूतून निघणारी थेट वाट शाबूत लागते आणि झटक्यात नेमकी तीच तुटते. बाबांनी पायासाठी मेहनत केली आणि हातासाठी केली नाही, असा अर्थ कुणी काढू नये. बाबांनी तर मुळीच नाही.

आता यंत्रं. केंद्रात असतात ती मोठी. ऑस्ट्रियात बनणाऱ्या 'अमाडिओ'मध्ये बोटांची टोकं यंत्राला जोडतात, ते एकेक बोट पुढे-मागे नेतं आणि माणूस स्वतः किती जोर लावतोय ते पडद्यावर दाखवतं. दुसरी जात अंगावर घालायची. तुम्ही पाहिलेला ग्लोव्ह त्यातला. पंप हवा भरतो, बोटांवरच्या नळ्या वाकतात, मूठ मिटते. हवा ओढून घेतली की उघडते. काहींत चांगल्या हातात सेन्सरचा मोजा घालतात, म्हणजे डावा हात करेल तसं उजवा करतो. आणखी पुढची यंत्रं स्नायूतला किंवा मेंदूतला विद्युत संकेत पकडून मगच चालतात. डोक्यावरच्या टोपीतून संकेत घेणाऱ्या 'इप्सिहँड'ला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एप्रिल 2021 मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून 'प्लूटो' नावाचं आटोपशीर यंत्र बनवलंय. मोटर एकच, तिला मनगटासाठी, मूठ उघड-मिटीसाठी वेगवेगळे जोड लावायचे. दिल्लीत आयआयटी आणि एम्स यांनीही मनगट-बोटांच्या यंत्रावर काम केलंय. म्हणजे विषय गंभीर आहे, केवळ जाहिरातीचा नाही.

पण यातल्या कुठल्याही यंत्राबद्दल मी आधी एकच विचारते: जोर कोण लावतंय? पोराचा हात धरून आपण पाटीवर 'श्री' गिरवून घेतो. अक्षर सुरेख येतं, पोरगं तोवर खिडकीबाहेर बघत असतं. हात सोडला की रेघोट्या. बाबा टीव्हीवर बातम्या बघतायत आणि ग्लोव्ह त्यांची बोटं फुस्स-फुस्स उघडमिट करतोय, हे तसंच. सांधे मोकळे राहायला थोडी मदत होईल, पण मेंदूच्या पदरात फारसं काही पडणार नाही. चांगलं यंत्र थांबतं. माणसानं सुरुवात केली की मग हात देतं, आणि जमायला लागलं की मदत कमी करत जातं. "तुमचं यंत्र वाट बघतं का?" असं केंद्राला विचारा. समोरचा गोंधळला तर काय ते समजा.

मग माणसं असताना यंत्र हवंच कशाला? तर आवर्तनांसाठी. अमेरिका आणि कॅनडात काही अभ्यासकांनी थेरपीच्या खोलीत बसून चक्क मोजलं होतं, 2009 साली ते प्रसिद्ध झालं. एका सत्रात हातानं काम करण्याची आवर्तनं सरासरी 32 निघाली. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसायला दिवसाला शेकड्यांनी लागतात. आमच्या धंद्याला हा आरसा फारसा शोभेसा नव्हता. यंत्र दमत नाही, कंटाळत नाही, पुढचा पेशंट बाहेर बसलाय म्हणून घाई करत नाही. त्याची खरी किंमत या चिकाटीची.

तेवढाच वेळ माणसानं दिला तर? 2010 मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 127 जणांवर चाचणी झाली. सगळ्यांना झटका येऊन किमान सहा महिने उलटलेले. बारा आठवड्यांनी यंत्रवाल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. छत्तीस आठवड्यांनी थोडा दिसला, 66 गुणांच्या मोजपट्टीवर जेमतेम तीन. पण ज्यांच्याकडून थेरपिस्टनं तितकीच घासून मेहनत करून घेतली होती, ते यंत्रवाल्यांच्या मागे नव्हते. 2019 मध्ये ब्रिटनमधली 770 जणांची चाचणी प्रसिद्ध झाली: 45 मिनिटं, आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. रोजच्या उपचारांच्या तुलनेत यंत्रानं हाताचा प्रत्यक्ष वापर सुधारला नाही. त्याच्या वर्षभर आधी 45 चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. त्यात हाताच्या हालचालीत आणि ताकदीत सुधारणा दिसली, पण यंत्रं आणि रुग्ण इतके वेगवेगळे की ठाम बोलू नये असं अभ्यासकांनीच बजावलं. शिवाय यातली बरीच यंत्रं मुख्यतः खांदा-कोपराची. बोटांचा पुरावा याहून तोकडा. माझ्यापुरता मी याचा अर्थ असा लावते की यंत्र थोतांड नाही आणि जादूही नाही. भरपूर सराव करून घ्यायचा तो एक महागडा मार्ग आहे.

याच आकड्यांत तुमच्या सहा महिन्यांचंही उत्तर आहे. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, पुढे चढ सपाट होत जातो. तुमच्या फिजिओनं सांगितलं ते बरोबरच होतं. तुम्ही मात्र त्यातून दार बंद झाल्याचा निरोप ऐकला. त्या 127 जणांचं दार तर केव्हाच "बंद" झालेलं होतं, तरी काहीतरी हललं. सहा महिन्यांनी वेगळीच एक गोष्ट घडते. डावा हात सगळं शिकून घेतो. जेवण, दाढी, मोबाइल, पायजम्याची नाडी. उजव्याला कुणी काही विचारत नाही आणि त्यामुळे जे थोडंफार येत असतं तेही मागे पडतं. घरची माणसं चटकन पुढे होतात, त्यानं यात भरच पडते. उशीर झाला म्हणून स्वतःला बोल लावण्यापेक्षा एक बघा: काल दिवसभरात बाबांच्या उजव्या हाताला कुणी काही काम दिलं का?

हे "टोचत राहील" माझ्या ओळखीचं आहे. त्यातून घेतलेले दोन ग्लोव्ह मी लोकांच्या कपाटांवर पाहिलेत, खोक्यासकट. ज्या सायकलवर टॉवेल वाळतात तिच्या शेजारीच.

आता बाबांचं "बस झालं". तुम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ 'नको' असा घेतलाय. उजवी बाजू गेली म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागात, आणि बहुतेकांची भाषा तिथेच असते. तुम्हीच लिहिलंय की शब्द अडखळतात. मग जे दोन शब्द पटकन तोंडात येतात, तेच सगळ्याला वापरले जातात. "बस झालं" म्हणजे दमलो, किंवा तुमचा खर्च बघवत नाही, किंवा दाबायला दिलेल्या त्या रबरी चेंडूचा वीट आला, काहीही असू शकतं. उदासीही असू शकते. झटक्यानंतर तीनातल्या एकाला ती गाठते आणि तिच्यावर उपचार आहेत, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टना हे मुद्दाम सांगा. झोप, भूक, पेपर वाचणं सुटलंय का, तेही. (चेंडूवरून आठवलं. मूठ आधीच आवळलेली असताना चेंडू दाबून आवळण्याचीच तालीम होते. तो नातवाला देऊन टाका.)

"हात बरा व्हायला हवा ना?" असं त्यांना विचारू नका, त्याला कुणीही काय उत्तर देणार? वस्तू समोर ठेवून विचारा. मागे माझ्याकडे एक आजी यायच्या. त्यांना हात 'बरा' नको होता, कणीक मळताना परातीचा काठ धरता यायला हवा होता. परात फिरते आणि सून हातातून काढून घेते, हे त्यांचं दुःख. आम्ही चार महिने तेवढंच केलं. परातीखाली ओलं फडकं, काठाला कापड गुंडाळून तो जाड केलेला, डाव्या हातानं उजवी बोटं त्यावर बसवायची, मग रेटा खांद्यातून. त्यांची बोटं आपणहून पुरती कधीच उघडली नाहीत. परात मात्र फिरायची थांबली.

बाबा बांधणीवाले. फर्म्याची, म्हणजे बरीच पानं छापलेल्या मोठ्या कागदाची, घडी घालताना एक हात कागद दाबून धरतो, दुसरा घडीवरून पट्टी फिरवतो. खळ लावताना पुठ्ठा कुणीतरी धरावा लागतो. म्हणजे या कामात निम्म्या वेळा हाताला उघडायचं नसतं, नुसतं वजन होऊन पडून राहायचं असतं. उजव्याला ते काम आजही जमेल. आणि दाबून ठेवलेला सपाट तळवा हा ताठर बोटांसाठी चांगला सावकाश ताण आहे, मनगट दुखत नसेल तर.

माझ्या हातात असतं तर मी काय केलं असतं? आधी न्यूरॉलॉजिस्ट किंवा पुनर्वसनाच्या डॉक्टरांकडून ताठरपणा तपासून घेतला असता. मूठ फार घट्ट असेल तर स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनमच्या इंजेक्शनाबद्दल विचारलं असतं. त्याचा असर साधारण तीन महिने राहतो, आणि तेवढ्यात कसून व्यायाम झाला नाही तर इंजेक्शन वाया. टेबलावर ती चिमूटभर हालचाल दिसली असेल तर यंत्राला संधी देण्याजोगी आहे. सहा ते आठ सत्रं, प्रत्येकाचे पैसे त्या त्या दिवशी. साठ नाही. पहिल्या सत्राआधी आणि शेवटच्या सत्रानंतर तीच मोजणी: आज्ञा दिल्यावर तर्जनीचं टोक तळव्यापासून किती सेंटिमीटर सुटतं, एका मिनिटात किती ठोकळे उचलून पलीकडे टाकता येतात. केंद्र मोजायला नाखूश असेल तर तुमचं उत्तर मिळालं.

मनगट वीसेक अंश आणि बोटं दहा अंश आपणहून वर येत असतील, तर यंत्राआधी दुसरा उपाय आहे. चांगल्या हातावर मिटन, म्हणजे बोटं एकत्र झाकणारा जाड मोजा, घालून त्याला बसवून ठेवायचं आणि ठरावीक वेळ सगळं रोगट हाताकडून करवून घ्यायचं. अमेरिकेत 222 जणांवर याची मोठी चाचणी झाली, 2006 मध्ये निकाल आले आणि ते चांगले होते. हे थेरपिस्टच्या देखरेखीखालीच, नाहीतर तोल गेल्यावर धरायला हात उरणार नाही.

आणि काहीच हलत नसेल तर आरसा. तुळशीबागेतून दीड फुटी आरसा आणा, बाबांच्या छातीसमोर टेबलावर उभा धरा, चकाकती बाजू डाव्या हाताकडे. उजवा हात आरशामागे. डावा उघडमिट करायचा आणि आरशातल्या हाताकडे बघत उजव्यालाही मनातून तीच आज्ञा द्यायची. रोज वीस-तीस मिनिटं. कापून टाकलेल्या हाताच्या वेदनांसाठी मेंदूशास्त्रज्ञ डॉ. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात ही युक्ती काढली, पुढे पक्षाघातातही ती उपयोगी ठरली. खर्च यंत्राच्या एका सत्राहून कमी.

घरी न्यायचा ग्लोव्ह मी सगळ्यात शेवटी ठेवते. घ्यायचाच तर आधी बाबांच्या हातात घालून बघायला मागा. ताठर बोटं पाच खणांत बसवणं म्हणजे हिवाळ्यात गोधडीला खोळ घालण्याइतकी झटापट, आणि ती रोज तुम्हाला नाहीतर आईंना करायची आहे. तो मिटतो किती जोरात याला महत्त्व नाही. बाबांच्या मुठीविरुद्ध उघडतो का ते बघा, बऱ्याच स्वस्त ग्लोव्हचा जोर तिथेच संपतो. उजव्या हाताचा, नेमक्या मापाचा, परत घेण्याची अट लेखी. त्यांना बोटांत स्पर्श नीट कळतो का तेही तपासा, नाहीतर त्वचा दबलेली त्यांना कळणारच नाही. काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर बंद.

पैशांचं: आगाऊ भरू नका, सूट मिळाली तरी. भावाचे निम्मे पैसे तूर्त त्याच्याकडेच राहू द्या आणि त्याला काम द्या. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आवर्तनं त्यानं मोजायची. वडिलांना मुलीपुढे हरायला चालतं, मुलापुढे चालत नाही, असा माझा अनुभव. विमा पॉलिसीत रुग्णालयाबाहेरची थेरपी बसते का, तेवढं मेलवर विचारून घ्या.

रविवारी बाबांसमोर सोळा पानांचा एक घडी न घातलेला फर्मा ठेवा. त्यांची ती जुनी पट्टी डाव्या हातात द्या, उजवा तळवा त्यांनाच कागदावर बसवू द्या, कितीही वेळ लागला तरी मध्ये हात घालू नका. घडी तिरकी आली तर ते तुम्हाला सांगतीलच, शब्द अडले तरी. कागद सरकत असेल तर खाली रबरी चटई टाका आणि मला व्हिडिओ पाठवा, टेबलावरचा आणि हा, दोन्ही.